विस्ताराच्या विलीनीकरणानंतर एक वर्ष: कोल्हापूरच्या नेहमीच्या विमानप्रवाशांनी मांडलेला हिशोब

करवीरवासी (धागाकर्ता)
17 नोव्हेंबर 2025, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली, त्याला 12 नोव्हेंबरला एक वर्ष पूर्ण झाले. विलीनीकरण जाहीर झाले तेव्हा कामानिमित्त सतत विमानाने फिरणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनी खूप चर्चा केली होती, पण ती बरीचशी भीतीपोटी किंवा आशेपोटी होती. आता वर्षभराचा प्रत्यक्ष प्रवास गाठीशी आहे. काय टिकले आणि काय गेले हे शांतपणे मांडता येईल असे वाटल्याने हा धागा काढत आहे.

विस्ताराचे विमान कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर कधीच उतरले नाही, तरीही कोल्हापुरात तिचे निष्ठावान प्रवासी पुष्कळ होते. दिल्ली गाठायची असो, कोलकाता असो किंवा परदेश, आपण पहाटे गाडी काढून पुणे धरतो, नाहीतर घाट उतरून गोव्याला जातो, आणि एवढा आटापिटा करून विमानात बसल्यावर पुढचे दोन तास तरी सुखाने जावेत अशी अपेक्षा असते. विस्तारा ती पूर्ण करत असे. टाटा सन्सचा 51 टक्के आणि सिंगापूर एअरलाइन्सचा 49 टक्के वाटा असलेली ही कंपनी जानेवारी 2015 मध्ये उडू लागली, नोव्हेंबर 2022 मध्ये विलीनीकरणाची घोषणा झाली आणि 11 नोव्हेंबर 2024 हा तिच्या नावाने उड्डाण होण्याचा शेवटचा दिवस ठरला. एकत्रित एअर इंडियात सिंगापूर एअरलाइन्सकडे 25.1 टक्के हिस्सा आला.

माझ्या पाहण्यात जे टिकले ते आधी सांगतो. क्लब विस्तारा या नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेतले पॉइंट्स एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या योजनेत आले आणि त्या योजनेला महाराजा क्लब हे नाव मिळाले. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या श्रेणीही तिकडे नेण्यात आल्या. विस्तारा विमान कंपन्यांच्या कोणत्याही जागतिक संघात नव्हती, एअर इंडिया मात्र 2014 पासून स्टार अलायन्सची सदस्य आहे, त्यामुळे गोल्ड श्रेणीच्या प्रवाशाला परदेशातील विमानतळांवरही लाउंज आणि प्राधान्याची सोय मिळू लागली. ही खरीखुरी भर आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

विमाने आणि कर्मचारीही सुरुवातीला तेच राहिले. बोर्डिंग पासवर यूके ही विस्ताराची अक्षरे जाऊन एअर इंडियाची एआय आली आणि त्यापुढे 2 ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक आला. नेहमीच्या प्रवाशांना हे लवकर कळले आणि तिकीट काढताना लोक तो 2 शोधून उड्डाण निवडू लागले. पुण्याच्या प्रतीक्षा कक्षात दोन अनोळखी प्रवासी एकमेकांना आपापल्या उड्डाणाचा क्रमांक दाखवून “हे जुने विस्ताराचेच आहे ना?” अशी खात्री करून घेत असल्याचे मी पाहिले आहे.

जे गेले ते कागदावर दाखवता येणे कठीण आहे. विस्तारातील कर्मचाऱ्यांची वागण्याची एक रीत होती. वृद्ध प्रवाशाची पिशवी वर ठेवण्यासाठी कोणी हाक मारण्याची वाट ते पाहत नसत. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या माणसाला पट्टा लावून देताना त्याला ओशाळे वाटणार नाही अशा बेताने ते बोलत. जुन्या विस्ताराचे कर्मचारी आजही भेटतात तेव्हा या रीतीवरून ते चटकन ओळखू येतात, पण ते आता मोठ्या ताफ्यात विखुरले आहेत.

यावरून माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला आहे. विलीनीकरणाच्या करारात जे शब्दांत लिहिले गेले, म्हणजे पॉइंट्स, श्रेणी, विमानांची मालकी, भागभांडवल, ते सगळे नीट पार पडले. जे केवळ सवयीने किंवा कोणाच्या तरी आस्थेने चालले होते, त्याला पलीकडे नेण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. जुन्या विलीनीकरणांच्या बाबतीतही असेच घडले होते का, आणि विशेषतः आपल्या कोल्हापूरला त्याचा काय अनुभव आला, हे जाणत्या सदस्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

---

शिरोलीचा_फौंड्रीवाला
17 नोव्हेंबर 2025, रात्री 11.15

करवीरवासीजी, धागा वेळेवर काढलात. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते एअर डेक्कन आणि किंगफिशर यांच्या व्यवहारात आहे, कारण त्या विलीनीकरणाची किंमत कोल्हापूरने प्रत्यक्ष मोजली.

कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन 2003 मध्ये सुरू झाली आणि लहान शहरांना विमानाने जोडणे हाच तिचा पाया होता. मुंबई-कोल्हापूर हा मार्ग त्यातूनच आपल्याला मिळाला. उजळाईवाडीची धावपट्टी तेव्हा 1,370 मीटरची होती, मोठे जेट तिथे उतरू शकत नव्हते, पण पंखे असलेले एटीआर विमान आरामात उतरत असे. आम्हा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखानदारांसाठी ते विमान म्हणजे गिऱ्हाईक टिकवण्याचे साधन होते. नव्या ऑर्डरसाठी नमुन्याचे कास्टिंग ग्राहकाला हातात द्यावे लागते. ओतीव लोखंडाचा तो तुकडा गोणपाटात गुंडाळून लाकडी पेटीत घालून आम्ही विमानतळावर नेत असू. काउंटरवरची मुले पेटी वजनकाट्यावर ठेवण्याआधीच हसून विचारत, “साहेब, आज पंप का गिअरबॉक्स?” सकाळी कोल्हापुरात साच्यातून काढलेला नमुना दुपारी मुंबईत ग्राहकाच्या टेबलावर असे.

जून 2007 मध्ये किंगफिशरने डेक्कनमधील 26 टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यामागचे महत्त्वाचे कारण असे, की देशात 5 वर्षे सेवा आणि ताफ्यात 20 विमाने असल्याशिवाय भारतीय कंपनीला परदेशी उड्डाणांची परवानगी मिळत नसे. किंगफिशर 2005 मध्ये सुरू झालेली, तिला 2010 पर्यंत थांबावे लागले असते. डेक्कनची 5 वर्षे ऑगस्ट 2008 मध्ये भरत होती. त्याच ऑगस्टअखेर डेक्कनचे नाव किंगफिशर रेड झाले आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बेंगळुरू-लंडन विमान उडाले. म्हणजे डेक्कनच्या ज्या गोष्टीला या व्यवहारात मोल होते ती तिची वयाची 5 वर्षे होती. कोल्हापूरसारखे मार्ग त्याबरोबर आले एवढेच.

काही काळ आपले विमान किंगफिशरच्या लाल रंगात येत राहिले, खाण्यापिण्याची सोयही सुधारली, आणि आम्हाला वाटले की बरे झाले. सप्टेंबर 2011 मध्ये स्वस्त दराची किंगफिशर रेड सेवा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, त्या वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरचे विमान थांबले आणि ऑक्टोबर 2012 मध्ये कंपनीचा परवानाच निलंबित झाला. त्यानंतर 2018 पर्यंत उजळाईवाडीला नियमित प्रवासी विमान नव्हते. त्या वर्षांत आम्ही नमुने पुन्हा रात्रीच्या बसने पाठवू लागलो. काही ग्राहक त्याच काळात पुण्याजवळच्या फौंड्र्यांकडे गेले, ते पुन्हा आले नाहीत. विमानाची गणना लोक चैनीत करतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

---

रंकाळ्याची_संध्या
18 नोव्हेंबर 2025, सकाळी 7.50

दोन्ही पोस्ट वाचून पॉइंट्सविषयी लिहावेसे वाटले. माझे काम सल्लागाराचे असल्याने महिन्यातून अनेकदा विमान होते, आणि घरच्यांच्या सुट्टीचा प्रवास मी बहुतेक पॉइंट्सवरच करते.

प्रवाशांचा असा समज असतो की पॉइंट्स म्हणजे आपण कमावलेली आणि जपून ठेवलेली शिल्लक. प्रत्यक्षात ते कंपनीने दिलेले वचन असते आणि ते कोणत्या कंपनीच्या वहीत नोंदले आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. 2012 मध्ये किंगफिशर थांबली, तेव्हा किंग क्लब या तिच्या योजनेचे पॉइंट्स तिच्याबरोबरच निकामी झाले. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, पण जेट प्रिव्हिलेज ही योजना तोवर वेगळी कंपनी झालेली होती आणि तिच्यात अबुधाबीच्या एतिहाद या विमान कंपनीचा मोठा हिस्सा होता. त्यामुळे विमाने जमिनीवर आली तरी योजना इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. त्या पॉइंट्सवर पूर्वीसारखा प्रवास शक्य नव्हता हे खरे, पण ते शून्य झाले नाहीत. ग्राहकाच्या निष्ठेत काहीच फरक नसताना केवळ कागदोपत्री रचनेमुळे दोन निकाल वेगळे लागले.

विस्ताराच्या वेळी तयारी आधीपासून दिसत होती. एअर इंडियाने एप्रिल 2024 मध्येच आपली फ्लाइंग रिटर्न्स योजना बदलून अंतराऐवजी खर्चाप्रमाणे पॉइंट्स द्यायला सुरुवात केली. क्लब विस्तारा पहिल्यापासून खर्चावरच पॉइंट्स देत असल्याने दोन्ही योजनांची मापे जुळली. करवीरवासीजींनी सांगितलेले एकास एक हे प्रमाण त्यामुळे शक्य झाले असावे असे माझे मत आहे.

माझी तक्रार आहे ती ज्या बँकेचे कार्ड वापरत होते तिच्याविषयी, आणि तिचे नाव मी घेणार नाही. कार्डावर मिळणाऱ्या मोफत तिकिटाच्या व्हाउचरची मुदत आणि नवी पद्धत यांबद्दल दूरध्वनीवर प्रत्येक वेळी वेगळे उत्तर मिळाले. विमान कंपन्यांमधील करारात पॉइंट्स होते, पण बँकेने दिलेले व्हाउचर तिसऱ्याच करारात होते. आपल्यापैकी कोणाकडे अशी जोडकार्डे असतील, तर कंपनी बदलल्याची बातमी येताच व्हाउचरची अट लेखी मागून घ्यावी.

---

पन्हाळ्याचा_निवांत
18 नोव्हेंबर 2025, दुपारी 4.20

मी निवृत्त सरकारी अधिकारी आहे. नोकरीत असताना सरकारी कंपनीनेच प्रवास करण्याचा नियम होता, त्यामुळे इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांचे एकत्र येणे मी आतून नसले तरी फार जवळून पाहिले. तरुण सदस्यांना ते तपशील उपयोगी पडतील.

1 ऑगस्ट 1953 रोजी राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स अशा खासगी कंपन्या एकत्र करून देशांतर्गत प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स उभी राहिली आणि परदेशी प्रवास एअर इंडियाकडे राहिला. ही विभागणी 50 वर्षांहून अधिक टिकली. 2007 मध्ये या दोघी नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया या नव्या कंपनीत विलीन झाल्या. त्याच वर्षी जेटने एअर सहारा 1,450 कोटी रुपयांना घेतली आणि किंगफिशरने डेक्कनमध्ये पाय रोवला. भारतीय विमानसेवेतील तीन मोठे व्यवहार एकाच वर्षी झाले, हे आज मागे वळून पाहताना फार बोलके वाटते.

सरकारी विलीनीकरणाचे दुखणे असे, की कंपनी कागदावर एक झाली आणि आत दोनच राहिली. विमानांवर एअर इंडिया लिहिले गेले, तरी देशांतर्गत उड्डाणांचा आयसी हा जुना संकेत 2011 च्या फेब्रुवारीपर्यंत चालू होता. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होता ते सांगतो. कोल्हापूरचा माणूस महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरून टॅक्सीत बसे, आणि टॅक्सीवाला पहिला प्रश्न विचारी, “सांताक्रूझ की सहार?” तिकिटावर नाव एअर इंडियाचेच, पण आयसी असेल तर सांताक्रूझचे देशांतर्गत टर्मिनल आणि एआय असेल तर बहुधा सहार, कारण परदेशातून येऊन पुढे दिल्लीला जाणारी विमाने तिथून सुटत. बॅगा टॅक्सीच्या टपावर, मागे हॉर्न वाजत असलेले, आणि प्रवासी खिशातून तिकीट काढून ती दोन अक्षरे शोधतो आहे, असे दृश्य तेव्हा दादरला नेहमी दिसे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे दुखणे अधिक खोल गेले. दोन्हीकडचे वैमानिक वेगवेगळ्या संघटनांत होते, पगाराच्या आणि बढतीच्या पद्धती वेगळ्या होत्या. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. 2012 मध्ये ड्रीमलाइनर विमानाचे प्रशिक्षण कोणाला मिळावे यावरून पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी केलेला संप 58 दिवस चालला. सेवाज्येष्ठता आणि वेतनश्रेणी जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली तीसुद्धा विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. लग्न आधी लावून पत्रिका नंतर पाहण्याचाच हा प्रकार होता. त्यात दोन्ही कंपन्यांनी मिळून 111 नवी विमाने मागवलेली होती, त्यांचे कर्ज एकत्रित कंपनीच्या डोक्यावर आले. महालेखापरीक्षकांनी 2011 च्या अहवालात या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले आहेत.

करवीरवासीजींच्या म्हणण्याला मला एक जोड द्यावीशी वाटते. 2007 च्या विलीनीकरणात माणसांविषयी काय ठरले हे लिहिलेच गेले नव्हते, आणि न लिहिलेले नुसते हरवून थांबले नाही, त्याचे वाद झाले. त्या मानाने विस्ताराच्या वेळी वैमानिकांचा प्रश्न आधी वर आला. नव्या वेतनरचनेवरून एप्रिल 2024 मध्ये अस्वस्थता पसरली, उड्डाणे रद्द झाली, कंपनीला वेळापत्रक सुमारे 10 टक्क्यांनी कमी करावे लागले. प्रवाशांचे हाल झाले, पण भांडण लग्नाआधी झाले हे मी त्यातल्या त्यात बरे मानतो.

---

कागलकर_सीए
18 नोव्हेंबर 2025, रात्री 10.05

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक बाजू राहून जात आहे. विस्ताराच्या सेवेची आपण सगळेच आठवण काढतो, मात्र तिने एकाही संपूर्ण वर्षात नफा दाखवला नव्हता. प्रवाशाला जे सुख वाटत होते त्याचा काही भाग भागधारक आपल्या खिशातून भरत होते. टाटांनी 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया परत घेतली, तेव्हा त्यांच्याकडे एअर इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेस, एअरएशिया इंडिया आणि विस्तारा अशा चार कंपन्या झाल्या. चार परवाने, चार नियमपुस्तिका, देखभालीची चार कंत्राटे, आणि समोर देशांतर्गत बाजारातील 60 टक्क्यांहून अधिक वाटा असलेली एकटी इंडिगो. एअरएशिया इंडिया ऑक्टोबर 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिसळली आणि पुढच्याच महिन्यात विस्ताराचा क्रम आला. हे केले नसते तर विस्तारा आज होती तशीच राहिली असती असे गृहीत धरणे मला योग्य वाटत नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो शिरोलीकरांच्या पोस्टशी थेट जोडलेला आहे. स्पर्धा कायदा 2002 चा असला, तरी कंपन्यांच्या विलीनीकरणाची छाननी करणारी त्यातील कलमे 1 जून 2011 पासून अमलात आली. म्हणजे 2007 आणि 2008 चे तिन्ही व्यवहार झाले, तेव्हा “या विलीनीकरणाने अमुक मार्गावर प्रवाशाला पर्याय उरेल का?” असे विचारण्याचे काम या कायद्याखाली कोणाकडेच नव्हते. विस्ताराच्या वेळी ते होते. भारतीय स्पर्धा आयोगाने 1 सप्टेंबर 2023 रोजी मंजुरी दिली तीही कंपन्यांनी दिलेल्या काही हमींच्या अधीन राहून.

त्याहून महत्त्वाचे उदाहरण सिंगापूरचे आहे. तिथल्या स्पर्धा आयोगाने मार्च 2024 मध्ये या व्यवहाराला मान्यता देताना सिंगापूरहून दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि तिरुचिरापल्ली या चार मार्गांवर आसनक्षमता कोविडपूर्व पातळीवर राखण्याची हमी कंपन्यांकडून लिहून घेतली आणि तिचे पालन तपासण्यासाठी स्वतंत्र लेखापरीक्षकाची अट घातली. दिल्ली, मुंबई आणि चेन्नईच्या पंक्तीत तिरुचिरापल्लीचे नाव आहे, इकडे लक्ष द्यावे. करवीरवासीजी, आपण म्हणता ते खरे आहे की लिहिलेले टिकते. परंतु मार्गसुद्धा लिहिता येतो, हे या उदाहरणावरून दिसते. कोल्हापूरचा मार्ग 2008 मध्ये कोणी लिहून घेतला नाही, कारण तसे विचारणारे कोणी नव्हते.

---

प्रशासक
19 नोव्हेंबर 2025, सकाळी 9.00

12 जून 2025 च्या अहमदाबाद दुर्घटनेविषयी आलेले दोन प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. त्या अपघाताचा तपास चालू असून त्याचा विलीनीकरणाशी संबंध जोडणारी विधाने येथे करू नयेत. मृतांच्या कुटुंबीयांविषयी आदर राखून सर्वांनी या धाग्यावर मूळ विषयाला धरून लिहावे.

---

हुपरीची_चांदी
19 नोव्हेंबर 2025, दुपारी 1.30

आमचा चांदीच्या दागिन्यांचा व्यवसाय असल्याने हैदराबाद आणि बेंगळुरूच्या पेढ्यांकडे माझे सतत जाणे असते. सगळ्यांनी विलीनीकरणाविषयी लिहिले, मला विभक्त होण्याविषयी लिहायचे आहे, कारण कोल्हापूरला त्याचाही स्पर्श झाला आहे.

डिसेंबर 2018 मध्ये अलायन्स एअरने हैदराबाद-कोल्हापूर-बेंगळुरू विमान सुरू केले. अलायन्स एअर ही तेव्हा एअर इंडियाची उपकंपनी होती, तिची तिकिटे एअर इंडियाच्या क्रमांकाने निघत, आणि कोल्हापूरचा प्रवासी त्या अर्थाने एअर इंडियाच्या जाळ्यात होता. टाटांना एअर इंडिया विकताना सरकारने अलायन्स एअर स्वतःकडे ठेवली. 15 एप्रिल 2022 पासून तिचा क्रमांक वेगळा झाला, आरक्षण वेगळे झाले, चौकशीचा दूरध्वनी वेगळा झाला. लहान शहरांना जोडणारी कंपनी बाजूला राहिली आणि मोठ्या शहरांच्या दोन कंपन्या एकत्र आल्या. विस्ताराच्या विलीनीकरणाचा विचार करताना त्याच्या शेजारी ही गोष्ट ठेवून पाहिली, तर लहान शहराचे स्थान कुठे आहे ते लक्षात येते.

सुदैवाने आपल्याकडे परिस्थिती 2011 सारखी राहिलेली नाही. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या सरकारच्या उडान योजनेमुळे विमाने परत आली, इंडिगोने हैदराबाद जोडले, ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील घोडावत समूहाच्या स्टार एअरने मुंबईची सेवा सुरू केली, धावपट्टी वाढली आणि मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. नव्या इमारतीतून विमानाकडे जाताना मला नेहमी समाधान वाटते. तरीही उडानमधील आर्थिक साहाय्याला मुदत असते आणि मुदत संपल्यावर मार्ग चालवायचा की नाही हे कंपनी ठरवते. त्यामुळे सीएसाहेबांनी सांगितलेले तिरुचिरापल्लीचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटले. आमच्या हुपरीतील कारागिरांची पोटे बाहेरच्या मागणीवर चालतात आणि बाहेरचा व्यापारी गावापर्यंत यायचा असेल तर तो आधी वेळापत्रक पाहतो.

---

शिरोलीचा_फौंड्रीवाला
19 नोव्हेंबर 2025, रात्री 8.45

ताईंशी पूर्ण सहमत आहे. सीएसाहेब, एक शंका आहे. स्पर्धा आयोगापुढे एखादे विलीनीकरण आले, तर आपल्यासारख्या प्रवाशांना किंवा कारखानदारांच्या संघटनेला त्यात काही म्हणता येते का? की तो फक्त कंपन्यांच्या वकिलांचा मामला असतो?

---

कागलकर_सीए
19 नोव्हेंबर 2025, रात्री 9.30

म्हणता येते. व्यवहारामुळे स्पर्धेला बाधा येईल असे आयोगाला प्रथमदर्शनी वाटले आणि सविस्तर चौकशी सुरू झाली, तर कंपन्यांना व्यवहाराचा तपशील जाहीर करावा लागतो, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार आहे अशा कोणाही व्यक्तीकडून आयोग लेखी हरकती मागवू शकतो. त्यासाठी मुदत थोड्याच दिवसांची असते. तेवढ्या अवधीत शून्यापासून आकडे गोळा करणे अशक्य आहे, म्हणून माहिती आधीच तयार असली पाहिजे. कोणत्या मार्गावर कोणते विमान, आठवड्यातून किती वेळा, कोणत्या काळात चालले आणि ते थांबल्यावर उद्योगांवर काय परिणाम झाला, असे एकत्र टिपण कोल्हापूरकडे असायला हवे. ते विमानतळाच्या सल्लागार समितीलाही उपयोगी पडेल, कारण तिथे मागणी मांडताना “पूर्वी चांगले विमान होते” एवढेच सांगून भागत नाही.

---

करवीरवासी (धागाकर्ता)
20 नोव्हेंबर 2025, सकाळी 8.10

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धागा काढताना माझ्यासमोर विस्तारातील माणसांची वागणूक होती. तिच्याबद्दलची माझी हळहळ कमी झालेली नाही, पण अशी वागणूक करारात लिहून घेता येत नाही हे मला मान्य करावे लागेल. मार्ग लिहून घेता येतो, आणि आपल्या हाती असलेले काम तेच आहे.

हे टिपण आपण सर्वांनी मिळून तयार करावे असा प्रस्ताव ठेवतो. शिरोलीकरांनी डेक्कन आणि किंगफिशरच्या काळातील जुनी तिकिटे, वेळापत्रके किंवा माल पाठवल्याच्या पावत्या जपून ठेवल्या असतील, तर त्यांच्या छायाप्रती द्याव्यात. हुपरीच्या ताईंनी 2018 नंतरच्या हैदराबाद आणि बेंगळुरू सेवेच्या वेळा लिहून काढाव्यात. पन्हाळ्याच्या काकांना सरकारी कागदाची भाषा अवगत आहे, त्यांनी मसुद्यावर हात फिरवावा. रंकाळ्याच्या ताईंनी व्हाउचरविषयीचा मुद्दा प्रवाशांच्या हक्कांच्या स्वतंत्र परिच्छेदात घालून द्यावा. सीएसाहेबांनी सिंगापूरच्या हमीचा मजकूर मराठीत उतरवून दिला, तर तो आपल्या मागणीला नमुना म्हणून जोडता येईल. सर्व मजकूर आला की कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्सकडे तो घेऊन जाण्याची जबाबदारी माझी.

---

पन्हाळ्याचा_निवांत
20 नोव्हेंबर 2025, सकाळी 11.25

मसुदा जरूर पाठवा, बारकाईने पाहून देतो. एक सूचना आताच करतो. टिपणाची सुरुवात 2018 पासून करू नका, 2008 पासून करा. मार्ग कसा मिळाला याच्याइतकेच तो कसा गेला हेही वाचणाऱ्याला पहिल्या पानावर दिसले पाहिजे.

---

शिरोलीचा_फौंड्रीवाला
20 नोव्हेंबर 2025, दुपारी 12.40

पावत्यांची फाइल कारखान्याच्या माळ्यावर आहे, रविवारी सुट्टी आहे तेव्हा काढतो. गोकुळ शिरगावच्या दोन मित्रांकडेही त्या काळातली तिकिटे असतील, त्यांनाही आजच निरोप देतो.